वाचक विचारतात : दोन चालींत मात

मात देण्याच्या कोड्यांबद्दल काय अडतंय ते कळवा, असं मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रं, मेल, पटाचे फोटो असं बरंच काही येऊन पडलं. सगळं घेता येणार नाही. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र केलेत आणि ज्यांच्या फोटोत पट उलटा होता (पांढऱ्याच्या उजव्या हाताला काळं घर!) त्यांनी प्लीज परत पाठवा. घरांची नावं नेहमीसारखी ए ते एच आणि १ ते ८, पांढरा खालून वर चढतो. शक्यतो पट समोर मांडूनच वाचा.

प्रश्न : मी ॲपवर रोज पझल्स सोडवतो, रेटिंग चांगलं आहे. पण तुमच्याकडचं दोन चालींत मात असलेलं कोडं तासभर बघितलं तरी सुटत नाही. जेवढे शह देता येतात तेवढे सगळे देऊन झाले. माझं नेमकं काय चुकतंय? (ॲपवाला)

शहच चुकतोय. ॲपवरची पझल्स बहुतेक खऱ्या डावांमधून उचललेली असतात, तिथे आधी शह बघा, मग मारामारी बघा, मग धमकी बघा हा क्रम अगदी बरोबर आहे, कारण समोरचा निसटायच्या आत त्याला गाठायचं असतं. रचलेलं कोडं हा प्रकारच वेगळा आहे. इथे पांढरा आधीच इतका पुढे असतो की तो जिंकणार यात कुणालाच शंका नसते, प्रश्न फक्त एवढाच असतो की बरोबर दोन चालींत, काळ्याने काहीही केलं तरी, मात होते का. आणि ज्या माणसाने ते रचलंय तो पहिली चाल तुमच्यापासून लपवायलाच बसलेला असतो ना, मग तो शहाने सुरुवात कशाला ठेवेल? शह ही पहिली चाल चांगल्या कोड्यात फारच क्वचित सापडते. मोहरा मारणं त्याहून थोडं जास्त, पण तेही कमीच. काळ्या राजाचं पळायचं घर काढून घेणारी पहिली चालही रचणाऱ्यांमध्ये जरा हलकीच समजतात. उलट राजाला आणखी एक घर मोकळं करून देणारी चाल असेल तर लोक खूश.

मग करायचं काय? पांढऱ्याला हातच लावू नका. आत्ता काळ्याची पाळी आहे असं समजा आणि त्याची एकेक चाल करून बघा, याने हे केलं तर माझ्याकडे लगेच मात आहे का, त्याने ते केलं तर आहे का. समजा काळ्याच्या सहा चाली आहेत आणि पाचांना मात तयार आहे, एकीलाच नाही. झालं की अर्धं काम, आता त्या एका चालीला उत्तर तयार करून ठेवणारी आणि बाकीच्या पाच उत्तरांना धक्का न लावणारी पांढऱ्याची चाल शोधायची. आणि सहाच्या सहा चालींना मात तयार असेल तर तुम्हाला फक्त वेळ काढायची चाल हवी आहे, काहीही न बिघडवता पाळी काळ्यावर ढकलणारी. मग तो जी चाल करेल तिनेच मरतो, याला झुगझ्वांग म्हणतात. अशा कोड्यात गंमत अशी की काहीही न बिघडवणारी चाल मिळणंच सगळ्यात अवघड असतं.

अजून एक, थोडी लबाडी आहे पण सगळे करतात. पटावर एखादा मोहरा लांब कोपऱ्यात उगाच उभा दिसतोय का बघा. रचणारा माणूस कारणाशिवाय एक प्यादंसुद्धा ठेवत नाही, त्यामुळे तो मोहरा एकतर कुठलंतरी घर राखतोय, नाहीतर पहिली चाल त्याचीच आहे.

प्रश्न : मी स्वतः रचलेलं कोडं पाठवलं होतं, तुम्ही छापलं नाही. पांढरा राजा सी-८, उंट जी-१, घोडा एफ-४. काळा राजा ए-८, प्यादं ए-७. दोन चालींत मात. उत्तर : घोडा डी-५, मग घोडा सी-७ मात. मी दहा वेळा तपासलं, मात होतेच. मग नाकारलं का? (हिरमुसलेला रचनाकार)

मात होते, शंभर टक्के होते, आणि तुमचा उंट खरोखर छान जागी बसलाय. सगळ्यांनी मांडून बघा. काळा राजा ए-८ वर कोंडलाय, बी-७ आणि बी-८ ही दोन घरं पांढऱ्या राजाने धरलीत, ए-७ वर त्याचंच प्यादं. घोडा सी-७ वर पोचला की खेळ खलास. काळ्याकडे हलवायला फक्त ते प्यादं आहे, ते एक घर गेलं काय नि दोन घरं गेलं काय, ए-७ रिकामं होतं, पण तिथे तुमचा जी-१ वरचा उंट लांबून डोळा ठेवून आहे, म्हणून राजाला तिथेही जाता येत नाही. इथवर सगळं मस्त.

पण आता घोडा डी-५ ऐवजी ई-६ वर न्या. तिथूनही सी-७ एका उडीवर आहे! काळा प्यादं हलवणार, घोडा सी-७, मात. म्हणजे तुमच्या कोड्याला पहिल्या चालीची दोन उत्तरं आहेत आणि त्याला आमच्या धंद्यात कूक म्हणतात, कोड्यात कूक सापडला की ते कोडं बाद, ते कितीही देखणं असलं तरी. सोडवणाऱ्याशी आपला करार असतो की उत्तर एकच आहे. तो करार नसेल तर त्याने शोधायचं कशाला आणि सापडल्यावर थांबायचं कुठे? तुम्ही दहा वेळा तपासलंत ते तुमचं उत्तर चालतं का हे तपासलंत. रचणाऱ्याने तपासायचं ते दुसरं कुठलं चालत नाही ना हे, आणि ते काम कितीतरी जास्त वेळखाऊ आहे.

आता दुरुस्ती. सगळ्यात सोपी म्हणजे घोडा एफ-४ वरून उचलून जी-५ वर ठेवा, तिथून फक्त ई-६ मिळतं, डी-५ मिळत नाही, कूक गेला. एकही मोहरा न वाढवता झालं, काटकसर म्हणून चांगलंच. पण खरं सांगू का, मग कोड्यात काही उरत नाही, घोड्याला एकच रस्ता आणि तो त्या रस्त्याने चालत जातो, सोडवणारा दहा सेकंदांत संपवेल आणि पान उलटेल.

मला आवडते ती दुसरी दुरुस्ती. घोडा तुमचा एफ-४ वरच राहू दे आणि काळ्याला सी-६ वर एक प्यादं द्या. बास, एवढंच. आता काय होतं बघा. घोडा डी-५ केलं की ते प्यादं घोड्यालाच मारतं, मात गेली. घोडा ई-६ मात्र चालतं. म्हणजे ज्या चालीवर तुमचं मन बसलं होतं ती आता ट्राय झाली, जवळजवळ सगळ्याला पुरणारी पण एका नेमक्या उत्तराने पडणारी चाल, आणि सोडवणारे नेमके तिथेच फसणार कारण पटाच्या मध्यावरचा घोडा नेहमीच बरा दिसतो. आणि बोनस असा की ई-६ नंतर काळ्याकडे एक नवीन बचाव येतो, प्यादं सी-५, उंटाची वाटच बंद! घाबरायला होतं क्षणभर. पण ती चाल काळ्याने सी-५ साठी खर्च केली म्हणजे ए-७ चं प्यादं जागेवरच राहिलं, राजाचं पळायचं घर त्याच्याच प्याद्याने अडवलेलं, घोडा सी-७, मात. एका प्याद्याने कूक मारला, ट्राय दिली आणि फसवा बचावही दिला. एक मोहरा तीन कामं करत असेल तर तो ठेवायला कुणाची ना नसते.

तरी छापीन का? आठव्या पानावर, नवशिक्यांसाठी, नक्की. मोठ्या स्पर्धेला नको, कारण काळ्याने काहीही केलं तरी मात तीच, सी-७ वरच. काळ्याच्या दोन वेगळ्या बचावांना दोन वेगळ्या माता असं काही जमतंय का बघा आणि परत पाठवा, तुमच्यात रचणाऱ्याचा हात आहे.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. प्यादं शेवटच्या घरात गेल्यावर वजीर मिळत असताना कोड्यांमध्ये हत्ती नाहीतर घोडा का घेतात? मुद्दाम शायनिंग मारायला का? (चिडलेला वजीर)

कधी कधी हो रे, शायनिंगच. पण बऱ्याचदा वजीर इतका ताकदवान असतो की तो समोरच्याला हलायलाच जागा ठेवत नाही आणि स्टेलमेट होतो, म्हणजे जिंकलेला डाव बरोबरीत. घोड्याचं कारण तर आणखी सोपं, घोडा जसा उडतो तसा वजीर उडू शकत नाही ना.

हत्तीचं सगळ्यात भारी उदाहरण मांडून बघ. पांढरा राजा बी-६, प्यादं सी-६. काळा राजा ए-१, हत्ती डी-५. चाल पांढऱ्याची, जिंकायचंय. प्यादं सी-७, आता काळा शह देत सुटतो : हत्ती डी-६ शह, राजा बी-५, हत्ती डी-५ शह, राजा बी-४, हत्ती डी-४ शह, राजा बी-३, हत्ती डी-३ शह, राजा सी-२. राजा जिन्यासारखा खाली उतरला. आता काळा हत्ती डी-४ वर येतो आणि गप्प बसतो, शह नाही काही नाही. तू उत्साहाने सी-८ ला वजीर केलास की तो हत्ती सी-४ वर टाकतो, शह! वजिराने हत्ती मारायचाच, आणि मारला की काळ्या राजाला एकही घर नाही, स्टेलमेट, बरोबरी. म्हणून सी-८ ला हत्ती घ्यायचा. आता तीच युक्ती केली तर तुझा हत्ती सी-४ वर असताना काळ्याला ए-२ हे घर मोकळं राहतं, स्टेलमेट होत नाही. आणि इकडे धमकी आहे हत्ती ए-८ ला नेऊन मात. काळा हत्ती ए-४ वर आणून अडवतो, मग पांढरा राजा बी-३, हत्तीवर हल्ला आणि सी-१ वर मात, दोन्ही एकदम. काळा दोन्ही वाचवू शकत नाही.

यातली गंमत वेगळीच आहे. १८९५ मध्ये ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिए नावाचे गृहस्थ बुद्धिबळाचं सदर लिहायचे, त्यांनी हा डावाचा शेवट 'काळ्याने खेळून बरोबरी करावी' असं सांगून छापला. त्यांना त्या स्टेलमेटचंच कौतुक होतं. तिथे राहणारे फर्नांडो साव्हेद्रा नावाचे एक स्पॅनिश पाद्री, खेळाडू म्हणून काही फार मोठे नव्हते, त्यांनी वाचलं आणि म्हणाले, अहो पण हत्ती घेतला तर? आज जगभर ही स्थिती साव्हेद्राच्या नावाने ओळखतात, सदर लिहिणाऱ्याचं नाव मागे पडलं. तेव्हा तूही आमची कोडी अशीच खवचटपणे तपास, काय सांगावं.

आणि घोडा-हत्तीचं वेड कुठवर जातं ते ऐक. एकोणिसाव्या शतकात जोसेफ बॅबसन नावाच्या माणसाला एक कल्पना सुचली : काळा प्याद्याचा वजीर करेल तर पांढऱ्यानेही वजीरच करायचा, त्याने हत्ती केला तर हत्ती, उंट तर उंट, घोडा तर घोडा, आणि प्रत्येक वेळी फक्त तेच चाललं पाहिजे. सरळ मात द्यायच्या कोड्यात हे बसतच नाही असं मोठमोठे रचनाकार म्हणत होते. मग १९८३ मध्ये सोव्हिएत युनियनमधला लिओनिद यारोश, पेशाने फुटबॉलचा कोच, त्याने चार चालींत मात असलेल्या कोड्यात ते नीटनेटकं बसवून दाखवलं. या क्षेत्राबाहेर त्याचं नाव तेव्हा फारसं कुणाला माहीतही नव्हतं!

प्रश्न : कंप्युटर डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं सोडवतो. मग माणसाने कोडी रचायची आणि सोडवायची कशाला? (प्रॅक्टिकल माणूस)

सोडवायची कशाला याचं उत्तर मी देत नाही, ज्याला मजा येत नाही त्याला पटवून काय उपयोग. पण रचण्याच्या बाजूने कंप्युटरने नुकसान नाही, फायदाच केलाय, आणि तो भरपूर केलाय. जुन्या काळी रचनाकार महिनोन्‌महिने एकेक चाल हाताने तपासायचे, कोडं छापून यायचं, बक्षीससुद्धा मिळायचं आणि मग कुणीतरी कूक काढायचा की बक्षीस परत. जुन्या संग्रहांमधली कितीतरी नावाजलेली कोडी मशीनला घातल्यावर फुटली. आता पॉपआय नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, खास कोड्यांसाठीच बनवलेला, त्याला स्थिती द्या, दोन चालींत मात सांगा, तो पहिल्या चालीची जेवढी उत्तरं असतील तेवढी सगळी देतो, ट्रायसुद्धा दाखवतो.

इथे एक सावधगिरी, कारण बरेच जण यात फसतात. नेहमीचं खेळायचं इंजिन, स्टॉकफिश वगैरे, ते जिंकायला बनवलंय, त्याला मात द्यायचा एक रस्ता मिळाला की त्याचं काम झालं, दुसरा रस्ता आहे का हे तो आपणहून सांगत नाही. वरच्या हिरमुसल्या मित्राने ते इंजिन वापरलं असेल तर त्याने 'दोन चालींत मात' असं हिरवं दाखवलं असणार आणि गडी समाधानी. तेच वापरायचं असेल तर एकावेळी चार-पाच ओळी दाखवायचं सेटिंग लावा, दोन ओळींपुढे 'दोनात मात' दिसली की समजा कूक आहे.

पण मशीन सांगतं की कोडं बरोबर आहे, ते चांगलं आहे का हे सांगत नाही. सी-६ वर प्यादं ठेवलं तर ट्राय तयार होईल आणि सोडवणारा डी-५ वर हुरळेल, हे माणसाला सुचतं कारण माणूस कुठे हुरळतो हे माणसालाच ठाऊक.

माणूस कुठे हुरळतो यावर तर सॅम लॉइड या अमेरिकन रचनाकाराने पैजच लावली होती. त्याचा एक मित्र म्हणायचा, कुठलंही कोडं दाखव, मुख्य मात कुठला मोहरा देणार ते मी ओळखतो. लॉइडने पाच चालींचं कोडं मांडलं आणि म्हणाला, ओळखू नको, फक्त जो मोहरा मात देणारच नाही असं वाटतं तो सांग. मित्राने बी-२ वरचं, अजून घरातूनच न हललेलं प्यादं दाखवलं. ते प्यादं दर चालीला पुढे सरकत पाचव्या चालीला शेवटच्या रांगेत पोचतं आणि तेच मात देतं. १८६१ मध्ये छापलं गेलं ते, आजही दाखवलं की लोक हसतात.

प्रश्न : 'थीम' म्हणजे काय? परीक्षक लिहितात थीम कमकुवत. मात झाली ना, मग? (वैतागलेली वाचक)

मात सगळ्याच कोड्यांत होते हो, त्याचं कौतुक नाही. थीम म्हणजे कोड्यामागची कल्पना, बऱ्याचदा ती अशी की काळ्याने स्वतःला वाचवायला जी चाल केली तिच्यामुळेच तो मेला. सोपं उदाहरण देतो : काळ्याचा हत्ती आणि उंट दोघं एकाच घरावरून आपापल्या वाटा राखतायत. हत्ती त्या घरावर आला की उंटाची वाट बंद, उंट आला की हत्तीची. म्हणजे त्याचेच दोन पहारेकरी एकमेकांच्या पायात येतात, आणि प्रत्येक वेळी पांढऱ्याला वेगळी मात मिळते. याला ग्रिमशॉ म्हणतात, वॉल्टर ग्रिमशॉने १८५० मध्ये हे दाखवलं. चार वर्षांनी नोव्होत्नी नावाच्या रचनाकाराने तेच उलटं केलं, पांढराच आपला एक मोहरा त्या चौकात फुकट नेऊन ठेवतो, आता घ्या कोण घेताय, हत्तीने घेतला तर उंट आंधळा, उंटाने घेतला तर हत्ती.

आणि एक प्रकार तर 'इंडियन' याच नावाने जगभर चालतो. १८४५ मध्ये एका इंग्रजी बुद्धिबळ मासिकात 'शागीर्द' या टोपणनावाने चार चालींचं एक कोडं आलं, पाठवणारे होते दिल्लीत असलेले हेन्री लव्हडे नावाचे इंग्रज पाद्री. (या पाद्री लोकांचं आणि बुद्धिबळाचं काय गूळपीठ आहे देव जाणे.) त्यात पांढऱ्याचा उंट आधी मागे, पार लांब जाऊन बसतो, ही चाल बघून काहीच अर्थ लागत नाही. मग पांढरा हत्ती मुद्दाम त्याच उंटाच्या वाटेत येऊन उभा राहतो आणि आपल्याच उंटाला अडवतो, कारण नाहीतर काळ्याला हलायला घर नसतं आणि स्टेलमेट होतो. काळा राजा मोकळ्या झालेल्या घरात जातो, हत्ती बाजूला सरकतो, मागून उंटाचा शह, मात. स्वतःच्या मोहऱ्याला अडवून मग उघडायचं, ही कल्पना तेव्हा इतकी नवीन होती की भले भले अडकले.

परीक्षकांनी 'कमकुवत' लिहिलं म्हणजे तुमच्या काळ्याच्या चुका एकमेकींशी नातं नसलेल्या आहेत, इथे एक पिन (आपल्या राजापुढून हलू न शकणारा मोहरा), तिथे एक अडथळा, असं. वाईट वाटून घेऊ नका, पहिल्या काही कोड्यांत सगळ्यांचं तसंच होतं.

चार-पाच प्रश्न पटापट

कोड्यात कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) चालतं का? चालतं, राजा आणि हत्ती मूळ जागी असले की चालतं असंच धरायचं, ते चालणं शक्यच नाही हे कुणी स्थितीवरून सिद्ध केलं तर मात्र नाही. एन पासाँचं, म्हणजे दोन घरं उडी मारून शेजारी आलेलं प्यादं आपल्या प्याद्याने मारण्याचं, बरोबर उलट, आत्ताच दोन घरं आलेलं प्यादं आहे हे सिद्ध करता आलं तरच ते मारता येतं. दोन नियम उलटसुलट का, तर तसं ठरलंय, बास.

'हेल्पमेट'मध्ये काळा मूर्खासारखा का खेळतो? तो मूर्ख नाही, तिथे तो सामील आहे. दोघं मिळून काळ्या राजाला मात घडवून आणतात आणि सुरुवात काळा करतो. आणि 'सेल्फमेट'मध्ये पांढरा आपल्याच राजाला मात द्यायला काळ्याला भाग पाडतो, काळ्याची अजिबात इच्छा नसताना. हे दुसरं डोक्याला फार ताप देतं, आधी दोन चालींत मात द्यायच्या साध्या कोड्यांवर हात बसू द्या.

दुसऱ्या चालीला दोन वेगळ्या माता होत असतील तर? त्याला ड्युअल म्हणतात, पहिल्या चालीच्या कूकएवढा गुन्हा नाही. काळ्याच्या फालतू चालीनंतर असेल तर दुर्लक्ष करतात, मुख्य बचावानंतर असेल तर गुण जातात.

पट मांडून मोहरे हलवत सोडवलं तर चीटिंग का? छे! सोडवण्याच्या जागतिक स्पर्धेतसुद्धा समोर पट असतो आणि मोहरे हलवायला परवानगी असते.

प्रश्न : सोडवण्याची जागतिक स्पर्धा खरंच असते? तिथे कोण जातं? (कुतूहल)

खरंच असते, १९७७ पासून. दोन दिवस, सहा फेऱ्या. पहिली फेरी दोन चालींच्या तीन कोड्यांची आणि वेळ फक्त वीस मिनिटं, कागदावर पहिली चाल लिहायची, प्रत्येकी पाच गुण. वीस मिनिटं पुष्कळ वाटतात ना? तिथली कोडी निवडणारा माणूस खास अशी निवडतो की जवळजवळ बरोबर वाटणाऱ्या दोन-तीन ट्राय असतात, आणि घाईत ट्राय लिहिली की शून्य. पुढच्या फेऱ्यांत तीन चालींची, डावाच्या शेवटाची, हेल्पमेट, लांब चालींची, सेल्फमेट अशी चढत जाते आणि एकेका फेरीला तास-दीड तास डोकं तापवायचं.

जाणारे बहुतेक गणित, कंप्युटर वगैरेतले, पण खेळणारे ग्रँडमास्टरही जातात. इंग्लंडचे जॉन नन दोन्हीकडे ग्रँडमास्टर, त्यांनी सोडवण्याचं जगज्जेतेपद २००४, २००७ आणि २०१० असं तीनदा घेतलं. मात्र डाव उत्तम खेळणारा कोडी उत्तम सोडवेलच असं नाही, खेळाडूला चांगली चाल सापडली की पुरते, इथे एकमेव चाल लागते. घरबसल्या चव घ्यायची असेल तर दरवर्षी जानेवारीत एक स्पर्धा एकाच दिवशी अनेक देशांत होते, नवशिक्यांसाठी वेगळा सोपा गटही असतो.

प्रश्न : कोडं पाठवताना नक्की काय काय लिहायचं? (पुन्हा पुन्हा विचारलेला)

फोटो नको, फोटोत उंट आणि प्यादं ओळखू येत नाही. पांढऱ्याचे मोहरे घरासकट एका ओळीत, काळ्याचे दुसऱ्या ओळीत, शेवटी दोन्हीकडची एकूण संख्या, म्हणजे एखादं लिहायचं राहिलं तर आम्हाला कळतं. किती चालींत मात ते लिहा. उत्तर वेगळ्या पानावर, आणि फक्त पहिली चाल नाही, काळ्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या बचावानंतरची मात आणि मुख्य ट्राय कशाने पडते तेही. आधी कुठे छापून आलं असेल तर स्पष्ट सांगा, एकदा प्रसिद्ध झालेलं आम्ही नवीन म्हणून घेत नाही. आणि पाठवायच्या आधी पॉपआयमध्ये घाला हो, निम्म्या पत्रांची गरजच उरणार नाही.